खान्देशातल्या शाळेत नव्याने रुजू होताय? आधी वर्गातली भीती घालवा

पवित्र पोर्टलवरून (राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून) निवड झाली, समुपदेशनात शाळा मिळाली, आणि लातूर, नांदेड, सोलापूर किंवा कोल्हापूरकडचे तुम्ही आता धडगाव, साक्री, चोपडा नाहीतर पारोळा तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू झालात. हातात अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याचा तक्ता आहे, निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य आहे, वर्गाचं नियोजन तयार आहे. समोरची मुलं मात्र टकामका बघतात आणि तोंड उघडत नाहीत.

एक विनंती आहे. या मुलांवर पहिल्या आठवड्यात ‘कच्ची’ असा शिक्का मारू नका. आपण बोललो की सगळे हसतील, ही इथल्या बऱ्याच मुलांची शाळेतली पहिली भीती असते. गणित आणि इंग्रजीची भीती त्यानंतरची. पहिली गेल्याशिवाय दुसरी जात नाही. म्हणून पहिले दोन महिने काय करायचं, ते शक्य तितकं क्रमाने सांगते.

भीतीने शिकणं अडतं कसं

मूल घाबरलं की मेंदूतला अमिग्डला नावाचा छोटासा भाग धोक्याचा इशारा देतो. शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो. थांबून विचार करणारा कपाळामागचा भाग त्या वेळी मागे पडतो. आपल्या कामाच्या दृष्टीने यात सगळ्यात महत्त्वाची आहे ती कार्यकारी स्मृती. बेरीज करताना हातचा लक्षात ठेवायचा आणि पुढच्या घरात मिळवायचा, किंवा वाक्याचा शेवट वाचताना सुरुवात डोक्यात धरून ठेवायची, हे काम ती करते. तिची जागा मोठ्या माणसातही थोडीच असते. ‘आता मला उठवतील’, ‘आता हसतील’ हे विचार नेमकी तीच जागा अडवून बसतात. म्हणून बाजाराच्या दिवशी भाजीच्या गाडीवर सुट्टे पैसे चोख मोजून देणारा मुलगा फळ्यापुढे उभा राहिला की सात आणि आठची बेरीज विसरतो. बेरीज त्याला येते. त्या क्षणी ती त्याच्या हाताला लागत नाही, इतकंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशीची हुरहूर किंवा स्नेहसंमेलनात स्टेजवर जाण्याआधीची धडधड, याने काही बिघडत नाही. बिघडवतो तो रोजचा धाक.

पायरी पहिली : शांत वर्गाला भुलू नका

नव्या शिक्षकाला शांत वर्ग फार आवडतो आणि तपासणीला आलेल्या साहेबांनाही. पण आठवडाभर नुसतं बघा. कोणी पाटी कोपराने झाकून लिहितं. कोणी तुम्ही दोन पावलं जवळ आलात की थुंकी लावून लिहिलेलं पुसून टाकतं, बरोबर असलं तरी. एखादी मुलगी समूहवाचनात ओठ हलवते पण तिचा आवाज येत नाही. एखाद्याचं पोट फक्त सोमवारी, नाहीतर ठरावीक तासालाच दुखतं. कोणी ‘एकीला जाऊ?’ असं विचारायला इतकं घाबरतं की चड्डी ओली होते.

या शेवटच्या गोष्टीची तजवीज पहिल्याच दिवशी करून ठेवा. कपाटात दोन-तीन मापांच्या जुन्या चड्ड्या धुऊन ठेवा, आणि लघवीला व पाणी प्यायला विचारायची गरज नाही, उठून जायचं, हे पहिली-दुसरीला सांगून टाका. जळगाव-भुसावळकडे मार्चपासूनच ऊन कडक होतं. तहान दाबून बसलेल्या मुलाला पाढे काय येणार? चार दिवस वर्गात ये-जा वाढेल. मग ती नवलाई संपते.

पायरी दुसरी : बोलीला वर्गात जागा द्या

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि बाहेरून आलेल्यांकडून हीच सुटते.

खान्देश म्हणजे अहिराणी, असं तुम्ही ऐकून आला असाल. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात ते बरंचसं खरं आहे. पण यावल-रावेरकडे घराघरांत लेवा गणबोली आणि तडवींची बोली आहे, शहादा-तळोद्याकडे गुजरी आहे, नवापूरला मावची, धडगाव-शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यात पावरी, चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यांवर बंजारा. एकाच वर्गात तीन भाषा सहज सापडतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे पटावरच्या प्रत्येक नावापुढे घरी कोणती भाषा बोलतात ते लिहून काढणं. मुलाला विचारू नका, ते ‘मराठी’ म्हणेल. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा. गावातलं प्रत्येक घर त्यांना माहीत असतं, आणि नव्या शिक्षकाला त्यांच्याइतकी खरी माहिती दुसरं कोणी देत नाही. अंगणवाडी ताईंकडेही एक चक्कर मारा.

मग त्यांच्याकडूनच वीस-पंचवीस शब्द वहीत उतरवून घ्या. धड्यातले शब्द पुढे येतील. आधी पाणी, भूक, ताप, दुखतंय, भीती वाटते, घरी जायचंय, लघवीला लागलीय, कोणी मारलं, हे हवेत. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगता आलं आणि समोरच्याला ते कळलं, की निम्मं काम होतं. तुमचा उच्चार चुकेल, मुलं खुदकन हसतील. हसू द्या. मोठं माणूस चुकतं, हसतं आणि पुन्हा म्हणून बघतं, हे त्यांनी क्वचितच पाहिलेलं असतं.

अहिराणी आणि पावरीत मात्र फरक करा. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला तुमची मराठी बरीचशी कळते, त्याला अडवते ती लाज. पावरी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलासाठी पाठ्यपुस्तकातली मराठी जवळजवळ नवीच भाषा असते. नवी भाषा शिकणारं मूल आधी नुसतं ऐकतं, बोलायला बऱ्याच उशिराने लागतं. त्या काळात त्याला उभं करून ‘बोल, बोल’ म्हणू नका. कृती सांगा, चित्र दाखवायला सांगा, वस्तू आणायला सांगा. कळतंय की नाही ते हातापायांवरून दिसतं. चौथीतली एखादी मुलगी दुभाषी म्हणून शेजारी बसवता आली तर उत्तम. तिचाही भाव वाढतो.

आता वर्गात रोज घडणारा एक प्रसंग जवळून बघू. तुम्ही विचारता, ‘बाबा कुठे गेलेत?’ दुसरीतला मुलगा म्हणतो, ‘मना बाप वावरमा जायेल शे.’ मागून दोघं फिसकन हसतात. इथे तीन रस्ते असतात. ‘नीट मराठीत बोल’ म्हणालात तर तो मुलगा पुढे कितीतरी दिवस गप्प. हसणाऱ्यांना दम दिलात तर सगळ्यांची नजर पुन्हा त्याच्यावरच. तिसरा रस्ता असा की त्याच्याचकडे बघत, गप्पा मारल्यासारखं म्हणायचं, ‘हो का, बाबा वावरात गेलेत! या वर्षी कपाशी की मका?’ त्याचं वाक्य तुम्ही प्रमाण मराठीत परत म्हटलंत, चूक काढली नाहीत, आणि बोलणं पुढे नेलंत. तो उत्तर देणारच, कारण त्यातलं त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. थोड्या दिवसांनी तोच ‘गेलेत’ म्हणायला लागतो. हसणाऱ्या दोघांशी मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन बोला.

बोलीला जागा दिली की मराठी कच्ची राहते, अशी शंका पालकही घेतात, सहकारीही घेतात. उलट आहे. घरच्या भाषेत कळलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत नेणं सोपं असतं. शक्य तिथे शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं. त्याच कलमात मुलाला भय, आघात आणि चिंतेपासून मुक्त करून मोकळेपणाने मत मांडायला मदत करणंही आलं आहे. आणि ज्या मुलखात अक्षर न गिरवलेल्या बहिणाबाई चौधरी घरच्या बोलीत ओव्या रचत होत्या, तिथल्या मुलाला त्याच बोलीची लाज वाटावी, हे मला फार लागतं. आठवड्यातून एक परिपाठ बोलीतल्या म्हणी-कोड्यांचा ठेवा. खान्देशच्या कानबाई देवीची गाणी किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणतात ती गाणी मुलींना पाठ असतात. त्या दिवशी तुम्ही ऐकणारे व्हा.

पायरी तिसरी : चुकीला घाबरायचं नाही, हे करून दाखवा

‘चुकलं तरी चालेल’ असं फळ्यावर लिहून मुलांचा विश्वास बसत नाही. पहिली चूक झाली की तुमचा चेहरा कसा होतो, त्यावर ती ठरवतात.

समजा तिसरीतल्या मुलीने ४२ वजा १८ बरोबर ३६ लिहिलं. लाल फुली मारायच्या आधी शेजारी बसा. ‘हे ३६ कसं आले, मला सांग बरं.’ ती म्हणेल, ‘आठमधून दोन गेले सहा. चारमधून एक गेला तीन.’ म्हणजे तिला वजाबाकी येते. ‘मोठ्यातून लहान काढायचा’ हा नियम तिने स्वतःच बनवलाय आणि प्रामाणिकपणे वापरलाय. बिनाहातच्याच्या गणितात तो चालतोही. आता पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या घ्या, दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. ‘यातून अठरा मला दे.’ ती एक गठ्ठा देते, मग आठ सुट्या शोधते, दोनच सापडतात, थांबते, तुमच्याकडे बघते. काही बोलू नका. थोड्या वेळाने तीच एक गठ्ठा सोडते. उरलेल्या मोजते, दोन गठ्ठे आणि चार सुट्या. लाल फुलीने यातलं काहीच घडलं नसतं. उलट पुढच्या वेळी तिने शेजारणीचं बघून लिहिलं असतं, आणि ती कुठे अडते ते तुम्हाला कधीच कळलं नसतं. मूल चूक लपवायला लागलं की शिक्षकाच्या हाती काही उरत नाही.

न बोलता थांबण्याचा सराव मुद्दाम करावा लागतो. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्ग निरीक्षणांतून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ही वेळ तीन सेकंदांच्या वर नेली की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात. इथल्या मुलाला प्रश्न मराठीत ऐकून, पावरीत विचार करून, पुन्हा मराठीत यायचं असतं. त्याला पाच-सात सेकंद द्या. मनात आकडे मोजा. अवघड प्रश्न असेल तर आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, त्यांच्या भाषेत. मग विचारा, ‘तुम्हा दोघांचं काय ठरलं?’ दोघांचं उत्तर चुकलं तर कोणा एकावर येत नाही.

मोठ्याने वाचायला एकट्याला लगेच उभं करू नका. आधी सगळ्यांबरोबर, मग जोडीने, मग तुमच्या शेजारी हळू आवाजात, आणि मूल स्वतः तयार झालं की वर्गापुढे. शाबासकीही जपून द्या. ‘हा बघा किती हुशार’ म्हटलं की बाकीचे आपोआप ढ ठरतात. ‘तू गठ्ठा सोडायचं स्वतः शोधलंस’ असं नेमकं सांगा, तिला एकटीला.

हे सगळं करताना अपेक्षा कमी करायची नाही. ‘राहू दे, याला जमणार नाही’ म्हणून सोडून दिलेल्या मुलाचाही तितकाच अपमान होतो. गृहपाठ द्या, तपासा, राहिलेला पूर्ण करून घ्या. ‘लाडाने पोरं डोक्यावर बसतात’ असं शाळेतले जुने सहकारी म्हणतील, तेव्हा वाद घालत बसू नका. मुलांच्या वह्या दाखवा.

पायरी चौथी : दिवस ओळखीचा ठेवा

घरी आज काय होईल याचा भरवसा नसलेल्या मुलाला शाळेत पुढे काय होणार ते माहीत असणं फार आधार देतं. परिपाठ, वाचन, गणित, खिचडी, खेळ, गोष्ट, हा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात चित्रांनी काढून ठेवा. बदल असला तर सकाळीच सांगा. दारात उभं राहून प्रत्येकाला नावाने हाक मारा, घरी म्हणतात त्याच उच्चाराने. पटावर कोणीतरी पूर्वी ‘सुधारून’ लिहिलेल्या नावाने नको. मुलांच्या मनःस्थितीचे रंगीत तक्ते लावायची आता पद्धत आली आहे. माझ्या मते दारातली ती अर्ध्या मिनिटाची भेट त्याहून जास्त सांगून जाते. रडून आलेला चेहरा तिथेच कळतो.

पायरी पाचवी : शिक्षा बंद

छडी, कान पिळणं, उठाबशा, कोंबडा, उन्हात उभं करणं, आणि ‘ढ’, ‘जंगली’, ‘तुमच्यात कोण शिकलंय’ असले शब्द, सगळं बंद. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. कायदा नसता तरी हेच म्हटलं असतं. मार खाणारं एक मूल असतं, पण बघणारा वर्ग सगळा शिकायचा थांबतो.

गावात पालकच सांगतील, ‘गुरुजी, हाणा त्याला, फक्त हाडं आमची.’ ते विश्वासाने बोलतात, त्यांना तोडून बोलू नका. ‘न मारताच करून घेतो, महिनाभर बघा’ म्हणा. मस्तीवर उपाय साधा आहे. नियम तीन-चारच, मुलांनीच ठरवलेले. मोडला तर जे बिघडवलं ते दुरुस्त करायचं. शाई सांडली तर पुसायची, कोणाला रडवलं तर त्याच्याबरोबर बसून त्याचं काम पूर्ण करून द्यायचं. आणि तुमचाच पारा चढला तर बाहेर जाऊन पाणी पिऊन या. वर्ग दोन मिनिटं थांबला तर काही होत नाही.

मुलामुलांतला त्रास मात्र नजरेआड करू नका. जातीवरून, रंगावरून, भाषेवरून, आईबापांच्या कामावरून पडलेली टोपणनावं शिक्षकाच्या कानावर सगळ्यात शेवटी येतात. खेळात कोणाला कायम ‘राज्य’ द्यावं लागतं आणि खिचडीला कोण एकटं बसतं, ते बघा. तुम्हीही रोज पंगतीत बसा, दर वेळी वेगळ्या मुलाशेजारी.

पायरी सहावी : दिवाळीनंतर जाणारी आणि होळीला येणारी

नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातून कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गुजरातेत बारडोली-सुरतकडे नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांवर जातात. परततात ती होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर. सपाटीच्या गावांत कापूस वेचणीच्या दिवसांत पट असाच ओसरतो. परत आलेल्या मुलाला पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘इतके दिवस कुठे होतास?’ आणि दुसरं ‘बाकीचे किती पुढे गेले बघ.’ मग ते तिसऱ्या दिवसापासून येत नाही, आणि आपण लिहितो, पालक उदासीन.

जाण्याआधी शिक्षण हमी कार्ड करून हातात द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. पालकांचा फोन नंबर घ्या, पंधरा दिवसांनी एकदा मुलाशी बोला, अभ्यासाचं न विचारता. वर्गात त्याची जागा आणि त्याचं नाव लिहिलेला पाटीचा कप्पा तसाच ठेवा. परत आल्यावर पहिला आठवडा चाचणी नको. गाडीत किती मोळ्या बसतात, टनाला काय मिळतं, कोपी (ऊसतोड मजुरांची झोपडी) कशी बांधतात, हे त्याला माहीत असतं. त्यावर वर्गाने गणितं करावीत आणि माहिती त्याने पुरवावी. मागचा अभ्यास नंतर, रोज थोडा.

आश्रमशाळेत असाल तर

इथे दिवसापेक्षा रात्र महत्त्वाची. सहा-सात वर्षांचं मूल आईशेजारून उठून ओळीने टाकलेल्या गाद्यांवर येतं. संध्याकाळी दिवेलागणीला आणि झोपताना घरची आठवण सगळ्यात जास्त येते. त्या वेळी गोष्ट सांगणारं एक माणूस तिथे हवं. भावंडं, एका पाड्यावरची मुलं सुरुवातीला शेजारी झोपू द्या. आईवडील बाजाराच्या दिवशी भेटायला येतात, तेव्हा वेळेचे नियम सैल ठेवा. होळीला घरी जायचा हट्ट म्हणजे शिस्तभंग नव्हे, सातपुड्यात तो वर्षाचा सगळ्यात मोठा सण आहे.

याची फार चांगली वाट याच मुलखात घालून दिलेली आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांची आजारपणं काढणं, त्यांच्या खोल्या आवरणं, त्यांच्यासाठी रोज काहीतरी लिहिणं, हे ते शिकवण्याचाच भाग समजत.

मुलाने काही गंभीर सांगितलं तर

मुलं मोकळी झाली की काही दिवसांनी एखादं मूल घरच्या माराबद्दल किंवा कोणी केलेल्या नको त्या स्पर्शाबद्दल सांगेल. शांतपणे ऐका. ‘बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका आणि ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना सांगून तुमची जबाबदारी संपत नाही. गावात मिटवून टाकू, असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ दिवसरात्र चालू असते. मुलाचं नाव शिक्षकखोलीतही निघता कामा नये. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेतली सखी सावित्री समिती नुसती कागदावर असेल तर तिची बैठक लावून घ्या, आणि तक्रारपेटी मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर, दाराजवळ नसलेल्या भिंतीवर लावा.

भेदरलेलं मूल महिने उलटले तरी खुलत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक पालकांबरोबर बसून लावा.

बदली झाली तर

सत्राच्या शेवटी एक साधी वही पूर्ण करून ठेवा. कोणतं मूल कोणत्या भाषेत लवकर बोलतं, कोणाला पुढे बसवलं की ऐकू येतं, कोण दिवाळीनंतर उसाला जातं, कोणाला अजून एकट्याने मोठ्याने वाचायला लावू नये, वजाबाकीत कोण कुठे अडतं. मुलाने विश्वासाने सांगितलेलं घरचं त्यात लिहू नका. वही नव्या शिक्षकाच्या हातात द्या, आणि जमलं तर एक दिवस दोघांनी मिळून वर्ग घ्या, म्हणजे मुलांना नवा माणूस ओळखीच्या माणसाबरोबर दिसेल.